आ-मांच्या चर्चमध्ये मी पांढरी साडी नेसून गेले

सिंगापूरहून परत आल्यापासून आमच्या कॉलनीत मला दोनच प्रश्न विचारतात. एक, तिकडे रस्त्यावर थुंकलं तर खरंच दंड करतात का. आणि दुसरा, पोराचं जमलं का. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, मला थुंकायची सवय नाही त्यामुळे मला माहीत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र लांबलचक आहे. ते भाजीची पिशवी हातात धरून जिन्यात उभं राहून सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, बाई, बैस एकदाची आणि लिहून काढ.

तर आधी कोण कोण ते सांगते. प्रशांत माझा धाकटा. सिंगापूरला पाया लेबार म्हणून भाग आहे, तिथे त्याचं ऑफिस. त्याच ऑफिसात शेरिल काम करते. चिनी घरातली, पण जन्म, शाळा, सगळं सिंगापूरचं, आणि ख्रिश्चन. ती लहान असतानाच आईवडिलांनी वेगळे संसार थाटले आणि पोरीला वाढवलं आजीनं. वडिलांच्या आईला ते लोक आ-मा म्हणतात. दोघांनी लग्न करायचं ठरवलं, आम्हीही हो म्हटलं, तेव्हा शेरिलने मला फोनवर, मला कळेल अशा सोप्या इंग्रजीत, स्वच्छ सांगितलं की आंटी, आ-मा नाही म्हणाली तर मी लग्न करणार नाही. दुसरी कुणी असती तर मला राग आला असता. हिचा नाही आला. जिनं वाढवलं तिला न विचारता जी निघत नाही, ती उद्या मलाही विचारेल, असा माझा हिशेब.

आणि आ-मांनी काय सांगितलं? मुलगा पाहिलाय, आता मुलाची आई बघायची. घरी नको, रविवारी चर्चमध्ये आणा. शेरिल हसून म्हणाली, घरी आलेल्या माणसाला आ-मा जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि जेवू घातल्यावर नाही म्हणणं तिला जड जातं. म्हणजे बघा, आपल्याकडे पोरगी बघायला जातात. इथे या वयात मलाच दाखवायला नेणार होते. मी आमच्या ह्यांच्या फोटोला सांगून निघाले, म्हटलं, नापास झाले तर हसू नका.

बुकित बातोक

प्रशांतचा फ्लॅट बुकित बातोकला, अकराव्या मजल्यावर. मला वाटलं होतं सिंगापूर म्हणजे नुसती काच आणि लखलखाट. इथे पाहते तर सरकारी वसाहत, एकासारखी एक बिल्डिंग, आणि खिडकीतून बाहेर काढलेल्या बांबूंवर वाळत घातलेले कपडे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कुणाच्या घरात किती माणसं, लहान मूल आहे की नाही, कोण कामावर कोणता गणवेश घालून जातो, सगळं त्या बांबूवर वाचता येतं. पहिल्याच सकाळी मी समोरच्या बिल्डिंगमधल्या तीन घरांची माहिती प्रशांतला दिली. तो तिथे तीन वर्षं राहतोय, त्याला एकाचीही नव्हती.

हवा कशी म्हणाल, तर आमच्या अमरावतीच्या उन्हासारखी टाळू फोडणारी नाही. ही घाम काढते आणि वाळू देत नाही. झाडं मात्र अशी की डोळे निवतात. रस्त्याच्या मधोमध झाडाच्या फांदीवर नेचे आणि ऑर्किडं वाढतायत आणि खाली बस चाललीय. मी प्रत्येक झाडाचा फोटो काढला. प्रशांत म्हणाला, आई, झाडं अमरावतीलाही आहेत. म्हटलं, आहेत, पण त्यांच्यावर बॅनर असतात.

प्रत्येक बिल्डिंगच्या खाली तळमजला मोकळा सोडलेला असतो. नुसते खांब आणि गार फरशी. लग्न तिथे, वाढदिवस तिथे, म्हातारे बुद्धिबळाला तिथे. मला ही कल्पना फार आवडली. आपल्याकडे तळमजला मोकळा ठेवला तर आठवड्यात तिथे पानटपरी आणि तीन स्कूटर उभ्या राहतील.

पाया लेबार

शुक्रवारी शेरिलने जेवायला बोलावलं. ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये. हॉकर सेंटर म्हणजे एका मोठ्या छपराखाली खाण्याच्या टपऱ्याच टपऱ्या, आणि मध्ये टेबलं. पण स्वच्छ. प्रशांत आणि शेरिल वेगवेगळ्या रांगांत गेले आणि मला म्हणाले, टेबल बघून ठेव. एका रिकाम्या टेबलावर कुणीतरी कागदी रुमालांचं पाकीट विसरलं होतं. मी ते उचललं आणि आसपास बघून, ज्याचं असेल असं वाटलं तो माणूस गाठून, त्याच्या हातात दिलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग दुसरीच एक बाई ताट घेऊन आली आणि टेबलाजवळ गोंधळून उभी राहिली. शेरिल धावत आली, हसता हसता तिला ठसका लागला. तिथे म्हणे पाकीट ठेवलं की ती जागा आपली झाली, कुणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तेच. फक्त तिथे रुमाल कुणी ढकलून देत नाही. मी त्या बाईला खुणेनं सॉरी म्हटलं, आणि ती आमच्याच टेबलावर बसून जेवली.

प्रशांतने आणला चिकन राइस. पांढरं चिकन, पांढरा भात, बाजूला काकडी. मी म्हटलं, कुणी आजारी आहे का? आमच्याकडचा सावजी रस्सा आठवून डोळे भरून आले. पण खाल्ला, तर त्या भातात काय चव होती. कोंबडीच्याच पाण्यात शिजवलेला, आलं-लसणाचा वास येणारा. मिरचीची चटणी सगळी मीच संपवली, तेव्हा शेरिल प्रशांतला म्हणाली, "युअर मम्मी कॅन, ला." हे तिकडचं कौतुक.

शेरिल कशी आहे विचाराल. बुटकी, भरभर बोलणारी, चष्म्यातून सरळ डोळ्यांत बघणारी. जेवताना तिने मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की आ-मा बोलायला कडक आहे, घाबरू नका. आणि दर वेळी सांगून झालं की स्वतःच पाण्याचा घोट घेत होती. मी तिचा हात दाबला आणि म्हटलं, पोरी, मी सासूच्या हाताखाली वीस वर्षं काढलीत. तिला ते प्रशांतने भाषांतर करून सांगितलं, काय सांगितलं कोण जाणे, ती आणखीच घाबरली.

पुन्हा बुकित बातोक, शनिवारची संध्याकाळ

इथे माझ्या हातून जे झालं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

संध्याकाळी मी पाय मोकळे करायला खाली उतरले. शेजारच्या बिल्डिंगच्या मोकळ्या तळमजल्यावर मोठा कार्यक्रम चालला होता. गोल टेबलं, खुर्च्या, फुलांच्या भल्या मोठ्या चकत्या. घरची माणसं पांढऱ्या सदऱ्यांत. समोर एक फोटो, त्याला फुलं, पुढे मेणबत्त्या, आणि पिवळ्या चीवरातले भंतेजी घंटा वाजवत पाठ म्हणत होते. आता तुम्हीच सांगा, आपल्या बौद्धवाड्यात वाढलेल्या बाईला हे बघून काय वाटेल? पांढरे कपडे, फोटो, हार, मेणबत्ती, भंतेजी. माझं काळीजच भरून आलं. सात समुद्रापार आपली माणसं भेटली. मी सरळ आत गेले, हात जोडून "नमो बुद्धाय" म्हटलं आणि तोंडभर हसले.

लोक चांगले होते. थोडे चकित झाले, पण त्यांनीही हात जोडले. माझ्याच वयाच्या एका बाईनं मला खुर्ची दिली, शेंगदाणे दिले, सरबताचा डबा दिला. मी पाठ संपेपर्यंत बसले. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. निघताना तिने एक गोड गोळी आणि लाल दोरा हातात ठेवला. आपल्याकडे परित्राण पाठ झाला की भंतेजी पांढरा सुती दोरा बांधतात ना, मला वाटलं इकडे लाल असेल, देशपरत्वे फरक. मनगटाला जेमतेम पुरला, म्हणून दाताने ओढून पक्की गाठ मारली. गोळी खाल्ली.

वर येऊन प्रशांतला सांगितलं, खाली छान कार्यक्रम होता. तो फोनवर ऑफिसचं बोलत होता, हं म्हणाला.

तो त्याच फोनवर असताना मी विचारलं, उद्या काय नेसू? तो म्हणाला, तुला आवडेल ते. मला आवडेल ते म्हणजे माझी ठेवणीतली पांढरी, निळ्या काठाची. जयंतीला, लग्नाला, बारशाला, मी तीच नेसते. आणि बॅगेत तळाशी दुसरी एक होती, पांढरं रेशीम, बारीक जरीची. सुनेसाठी. आमच्यात नवरी पांढऱ्यात असते. इतर समाजातल्या शेजारणी आयुष्यभर मला विचारत आल्या, बाई, लग्नात पांढरं कसं? आणि मी आयुष्यभर त्यांना समजावत आले. जगात आणखी कुणाला हाच प्रश्न पडेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

सिटी हॉल

स्टेशनातून जिना चढून वर आलो आणि मी जागीच थांबले. चहूबाजूंनी काचेच्या उंच उंच इमारती, आणि त्यांच्या मधोमध हिरवंगार मैदान, मोठमोठी झाडं, आणि त्यात ते पांढरं शुभ्र कॅथीड्रल. एवढं पांढरं की आभाळ त्याच्यामागे मळकट दिसत होतं. टोकदार कमानी, टोकदार खिडक्या, आणि मनोरा असा वर वर जाणारा की बघता बघता माझा पदर खांद्यावरून घसरला. युरोपातली असली देवळं मी टीव्हीवर पाहिली होती, ती करड्या दगडाची, उदास वाटायची. हे तसलंच, त्याच घाटाचं, पण जणू कुणी धुऊन, नीळ घालून, उन्हात वाळत टाकलंय. मी प्रशांतला म्हटलं, हे बघायलाच मी आले असं समज, बाकी काही झालं नाही तरी चालेल. तो म्हणाला, आई, बाकी झालं नाही तर मला चालणार नाही.

आतली प्रार्थना संपायची होती, म्हणून आम्ही भोवती फिरलो. प्रशांतने शेरिलने शिकवलेलं सगळं पाठांतर म्हणून दाखवलं. दीडशे वर्षांहून जुनं आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानातून जन्मठेपेचे कैदी जहाजाने आणले होते, त्यांच्या हातांनी बांधून घेतलं. आणि भिंतीला जो गिलावा आहे, त्यात चुना, अंड्यातलं पांढरं आणि साखर. नारळाच्या काथ्याचं पाणी. मग घोटून घोटून चमक आणायची. मी म्हटलं, अरे, हा तर केक झाला. मग भिंतीला हात लावला. गार आणि गुळगुळीत, अंड्याच्या टरफलासारखी. ज्यानं ती घोटली तो कुठल्या गावचा, त्याच्या आईला तो परत दिसला की नाही, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी हात थोडा वेळ तसाच ठेवला.

दारात मी सवयीनं चपला काढल्या. प्रशांत कुजबुजला, आई, इथे काढत नाहीत. म्हटलं, मला काढल्याशिवाय आत जाता येत नाही. त्याने त्या पिशवीत टाकल्या. आतली फरशी पायाला इतकी बरी लागली. उंच उंच कमानी, लाकडी बाकं, वर पंखे फिरतायत, आणि टोकाच्या रंगीत काचेतून ऊन खाली आलेलं, निळं, लाल, पिवळं. लोक बाहेर पडत होते. कुणी कुणाला अडवत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं की बाई तुम्ही कोण, कुठल्या. मोठ्या दारातून आत जाताना आपोआप अंग चोरायची माझ्या आईची सवय होती, ती थोडी माझ्यातही आहे. त्या दिवशी मी मान वर करून चालत होते, कारण छत बघायचं होतं.

तिसऱ्या-चौथ्या बाकापाशी शेरिल उभी होती. तिच्या शेजारी आ-मा. एवढीशी मूर्ती, कुरळे केलेले पांढरे केस, फुलाफुलांचा ब्लाउज, हातात काळी पर्स. त्यांनी हात पुढे केला. मी दोन्ही हात पुढे केले. आणि त्यांनी माझी साडी बघितली, मग मनगट बघितलं, आणि हात मागे घेतला.

त्या शेरिलशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. हळू बोलल्या, पण शेरिलचा चेहरा कागदासारखा झाला. आ-मा पर्स उचलून निघाल्या. शेरिल त्यांच्यापुढे आडवी झाली, प्रशांत माझ्याकडे बघायला लागला, मी प्रशांतकडे. शेवटी शेरिलने त्यांना बाकाच्या टोकाला बसवलं. त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या.

मग शेरिल माझ्याजवळ आली आणि मोठ्या अवघडल्या सुरात तिने सांगितलं, प्रशांतने मराठीत केलं. त्यांच्यात पांढरं नेसतात ते मयताला. आणि लाल दोरा मयताला आलेल्या पाहुण्याला देतात, वाईट सावली त्याच्याबरोबर जाऊ नये म्हणून. तो बोटाला गुंडाळायचा आणि घरात पाऊल टाकायच्या आधी वाटेतच टाकून द्यायचा. मी तो दोरा रात्रभर घरात ठेवला होता आणि लग्नाच्या बोलणीला बांधून आणला होता. आ-मा ख्रिश्चन खऱ्या, चर्चला न चुकता येणाऱ्या, पण आईकडून आलेली भीती अशी कुठे जाते.

म्हणजे तो कार्यक्रम म्हणजे मयत होतं. आणि मी तिथे जाऊन तोंडभर हसले होते. मला त्या शेंगदाणे देणाऱ्या बाईची आठवण झाली. तिच्या घरचं माणूस गेलेलं, आणि तिने मला खुर्ची दिली.

आधी तो दोरा काढायला हवा होता. गाठ काही केल्या सुटेना. मी दातात धरली.

"आई, चर्चमध्ये दातांनी काय," प्रशांत कळवळून म्हणाला.

"मग कुठे जाऊ आता, न्हाव्याकडे?"

आ-मा मान वळवून बघत होत्या. त्यांना ते बघवेना. त्या उठल्या, माझ्यासमोर येऊन बसल्या, माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि नखाने गाठ कोरायला लागल्या. त्यांची नखं बारीक आणि टणक. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. शेरिल म्हणाली, त्या म्हणतायत, एवढी घट्ट गाठ कुणी मारतं का. गाठ सुटली. त्यांनी दोरा कागदी रुमालात गुंडाळला आणि शेरिलला बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला पिटाळलं. पण माझा हात सोडायला विसरल्या. किंवा सोडला नाही.

शेरिल परत आल्यावर मी म्हटलं, आता यांना माझं सांग. मी मराठीत बोलायचं, प्रशांतने इंग्रजीत करायचं आणि शेरिलने आ-मांच्या भाषेत, असं चाललं. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. माझे वडील नागपूरला गेले आणि लाखो लोकांबरोबर त्यांनी धम्म घेतला. आमच्या लोकांना देवळात कुणी घेत नव्हतं, विहिरीवर कुणी पाणी भरू देत नव्हतं, म्हणून घेतला. सगळ्यांनी पांढरं घालून यायचं होतं. वडिलांकडे पांढरा सदरा नव्हता, त्यांनी मित्राचा मागून आणला, तो त्यांना बाह्यांत आखूड होत होता. तेव्हापासून आमच्या घरात चांगल्या दिवसाला पांढरं. आज माझा चांगला दिवस होता, म्हणून नेसले.

शेरिल सांगत होती आणि आ-मा माझ्याकडे बघत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, आणि ते इंग्रजीतच, मला समजावं म्हणून. "हिज मदर? व्हॉट शी से?"

माझी आजी काय म्हणाली? हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, आजी रडली, दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी देव्हाऱ्यातले देव तिनेच टोपलीत भरले आणि नदीला नेऊन सोडले. म्हणाली, माझा पोरगा जिथे जाईल तिथे माझी चूल जाईल.

आ-मांनी पर्स बाजूला ठेवली. मग बोलायला लागल्या, तुकड्या तुकड्यानं, आणि शेरिलनेही ते पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण ती भाषांतर करता करता मध्येच थांबायची.

त्या तरुण असताना एका मैत्रिणीबरोबर या चर्चमध्ये आल्या आणि मग येतच राहिल्या. घरी देवांपुढे उदबत्ती लावायचं बंद केलं. त्यांच्या आईने त्यांना ताटावरून उठवलं. एका घरात राहायच्या, पण आई त्यांच्याबरोबर कधी जेवली नाही. आई गेली तेव्हा भावांनी त्यांना पांढरं घालू दिलं, पण त्या उदबत्ती हातात धरेनात, म्हणून रांगेत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही मागे उभं केलं. सख्खी लेक. तिथून त्यांनी पांढरं कधी अंगाला लावलं नाही. स्वतःचं लग्न याच चर्चमध्ये झालं, तेव्हाही गुलाबी घातलं.

मग त्यांनी माझा हात दाबला आणि शेरिलकडे न बघता विचारलं, आणि मला कळलं की मला बोलावलं होतं ते या एका प्रश्नासाठी. शेरिलने खाली बघत तो सांगितला.

"ती विचारतेय, तुमच्या घरात राहायला मला बदलावं लागेल का?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं. अमरावतीहून निघताना माझ्या मनात पक्कं होतं की पोरगी दीक्षा घेईल. माझ्या मोठ्या दिरांनी तर विहारात भंतेजींशी बोलूनही ठेवलं होतं. चारचौघांत विचारतील, सून आपल्यात आली का, तर हो म्हणायला तोंड पाहिजे, एवढं साधं होतं ते. प्रशांतने मला विचारलं नव्हतं आणि मीही त्याला सांगितलं नव्हतं. पोरीसाठी आणलेलं ते पांढरं रेशीम मी त्याच हिशेबाने घेतलं होतं.

प्रशांत माझ्याकडे बघत होता. त्याला माझं मन कळत असणार, कारण त्याच्या कपाळावर घाम होता, डोक्यावर पंखा असून.

मी आ-मांना म्हटलं, माझे वडील बदलले ते कुणी ओढलं म्हणून नाही. मनाला पटलं म्हणून बदलले, आणि तुम्हीही तशाच बदललात. तुमच्या नातीला मी हात धरून ओढलं, तर मी तुमच्या आईसारखी होईन आणि माझ्या वडिलांचं नाव घालवीन. ती रविवारी इथे येईल. आमच्या विहारात वंदनेला बसावंसं वाटलं तर बसेल, नाही वाटलं तर माझ्याबरोबर चहा करायला येईल. माझ्या ताटात तिचं ताट.

दिरांना काय सांगायचं ते मी तिथेच बाकावर बसल्या बसल्या ठरवायला लागले होते. अजूनही ठरतंय.

शेरिलने हे सगळं सांगितलं की नाही मला माहीत नाही, कारण अर्ध्यावर ती चष्मा काढून डोळे पुसायला लागली. पण आ-मांना पोचलं. त्यांनी पर्समधून चष्मा काढून लावला आणि माझ्या साडीचा काठ हातात घेऊन बघितला, निळा धागा, विणकाम, शिवणकामवाल्या बाया बघतात तसा. मग विचारलं, तुमच्याकडे नवरीही पांढऱ्यात? म्हटलं, हो. बॅगेतल्या साडीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चर्चच्या मधल्या वाटेकडे बोट दाखवलं, म्हणजे इथेही नवरी पांढऱ्यातच येणार.

"टू टाइम्स व्हाइट," त्या म्हणाल्या, आणि पुढचं त्यांच्या भाषेत.

शेरिल हसत होती आणि रडत होती, तिला नीट सांगता येईना. "ती म्हणतेय, इथलं चर्चमधलं आणि तुमच्याकडचं, दोन्ही लग्नांत पोरगी पांढऱ्यात, तुम्हीही पांढऱ्यात. मग मी लाल नेसते. एवढ्या माणसांत कुणीतरी लाल पाहिजे, ला."

प्रशांतला अजून कळलं नव्हतं. तो विचारत होता, म्हणजे काय, म्हणजे काय. इंजिनिअर माणूस. मी त्याच्या पाठीत एक हलका धपाटा घातला आणि म्हटलं, अरे, नेसते म्हणाल्या. लग्नाला येणार म्हणाल्या.

बाहेर पडताना आ-मांनी मला ती भिंत दाखवली, जिला मी आधीच हात लावला होता. म्हणाल्या, तुमच्या लोकांनी बांधलं. मी पुन्हा हात लावला. मग त्यांनी आम्हाला मैदान ओलांडून एका जुन्या दुकानात नेलं आणि नारळाचा जाम लावलेला पाव आणि अर्धकच्ची अंडी खायला घातली. अंडी बशीत फोडून, वर काळा सॉस घालून, बशी तोंडाला लावून प्यायची. मी प्यायले. परीक्षा संपल्यावर माणूस काहीही पितो.

अमरावती

काल मी जवाहर रोडला साड्या बघायला गेले होते. दुकानदाराला म्हटलं, लाल काढा, चांगली रेशमी, पण उंची कमी आहे, पाच वारांत बसेल अशी बघा. त्याने विचारलं, नवरीसाठी का? म्हटलं, नवरीच्या आजीसाठी. त्याने लगेच लाल गठ्ठा बाजूला सारला आणि फिकट शेवाळी, राखाडी, दुधी असं काढायला लागला. म्हणाला, ताई, या वयात लाल बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील.

मी खुर्ची ओढून नीट बसले आणि त्याला तो लाल गठ्ठा परत पुढे घ्यायला लावला.